देवादिकांच्या बशा: सेव्ह्रचं पोर्सेलेन आणि ग्रीक-रोमन पुराणं

रानजाई (शनिवार, रात्री ९.४०)

आज लंडनात सकाळपासून पाऊस आणि छत्री घरी. समोर वॉलेस कलेक्शन हे संग्रहालय दिसलं, प्रवेश फुकट, शिरले आत. बघायची होती चित्रं, पण अडकले एका बादलीपाशी.

बादली म्हणजे आईस्क्रीम गार ठेवायचं भांडं. पॅरिसजवळच्या सेव्ह्रच्या राजेशाही कारखान्यात १७७८-७९ साली घडवलेलं, रशियाच्या दुसऱ्या कॅथरीन राणीसाठी. युक्ती आपल्या पॉट आईस्क्रीमचीच. बाहेरच्या बादलीत बर्फ आणि मीठ, आत बसणाऱ्या वाडग्यात आईस्क्रीम, आणि झाकणाला उभा काठ, म्हणजे त्याच्यावरही बर्फाचा ढीग. दांडा मात्र फिरवायचा नाही. आईस्क्रीम आधीच तयार, हे नुसतं पंगतीत मिरवायला.

रंग फिरोजी, अगदी भरदार. त्यात जागोजागी चौकटी आणि चौकटींत तांबूस तपकिरी जमिनीवर पांढरी माणसं. दुरून वाटतं, दगडात कोरलीत. काचेला नाक लावलं तेव्हा कळलं की सगळा ब्रशाचा खेळ आहे. मांडीवरच्या वस्त्राची चुणी म्हणजे करड्या रंगाची एक केसाएवढी रेघ.

राणीला कोरीव रत्नांचं, कॅमिओंचं, भयंकर वेड. १७८७ साली ऑर्लेआंच्या ड्यूकचा अख्खा रत्नसंग्रह तिने उचलला. मग जेवणाची भांडीही तशीच हवीत! १७७६ ला मागणी गेली, १७७९ ला माल निघाला. साठ माणसांचा संच, सातशेच्या वर नग, बिल सव्वातीन लाख लिव्रच्या (तेव्हाचं फ्रेंच चलन) पुढे. एकेका बशीचे २४२ लिव्र. बशीच्या मध्यभागी फुलांनी गुंफलेलं तिच्या नावाचं आद्याक्षर आणि सोन्यात रोमन दोनचा आकडा. काठावर ग्रीक-रोमन पुराणातले आणि इतिहासातले प्रसंग. टेबलाच्या मधोमध पांढऱ्या पोर्सेलेनचा देखावा, त्यात कलादेवतांचा पार्नासस पर्वत आणि खुद्द राणी मिनर्व्हा देवीच्या रूपात. शिल्पकार ब्वाझो.

आजवर मला वाटायचं, जुन्या फ्रेंच बशांवरचे पंखवाले बाळ आणि अर्धवस्त्र देव्या म्हणजे नुसती नक्षी. आपल्या स्टीलच्या डब्यावरचं कमळ असतं तशी. आता तसं वाटत नाही. जाणकारांनी भर घालावी.

चिमणचारा (रात्री ९.५२)

फोटो टाका की हो!

उंबरठा (रात्री १०.१५)

माझा भाबडा प्रश्न. देवाच्या चित्रावर वाढून घ्यायचं, सुरी चालवायची आणि उष्टं करून सारायचं? आमच्याकडे लग्नपत्रिकेवर गणपती असतो म्हणून ती रद्दीत टाकवत नाही. माळ्यावर गठ्ठा साचलाय.

टीपकागद (रात्री ११.३०)

उंबरठा, प्रश्न भाबडा नाही, पण गृहीतक चुकतंय. अठराव्या शतकात ज्युपिटर-व्हीनसची पूजा करणारं फ्रान्समध्ये कोणीच उरलं नव्हतं. राजा कट्टर कॅथलिक. पूजेत होते ते येशू आणि मेरी. हे देव मात्र निवृत्त. त्यांना टेबलावर बसवायला हरकत नव्हती.

आणि ते सगळ्यांच्या ओळखीचे. खानदानी पोरगा लॅटिन शिकायचा म्हणजे रोमन कवी ओव्हिडच्या पुराणकथा वाचायचा. म्हणून बशीवर मोर दिसला की जुनो, गरुड म्हणजे ज्युपिटर, कबुतरं म्हणजे व्हीनस, कपाळावर चंद्रकोर म्हणजे डायना, शिरस्त्राण आणि घुबड म्हणजे मिनर्व्हा. आपण वाहनावरून देव ओळखतो तसंच. ज्याला ओळखता येत नाही तो आपल्यातला नाही, हे शेजारी बसलेल्याला बरोब्बर कळायचं. ही बशी म्हणजे एक प्रकारची तोंडी परीक्षा होती असं माझं मत.

दुसरं, हे सगळं मुख्यतः जेवणाच्या शेवटच्या फेरीचं, फळं आणि गोडाचं. मुख्य पदार्थ बहुधा चांदीत यायचे. गोडाचं खातं मुदपाकखान्यापासून वेगळं असायचं आणि तिथले कारागीर साखरेची शिल्पं करायचे. देव, बागा, कारंजी, सगळं साखरेचं. पोर्सेलेन आलं आणि साखरेचे देव मातीचे झाले. रानजाई म्हणतात तो पांढरा देखावा म्हणजे ‘बिस्किट’: भाजलेलं पण झिलई न दिलेलं पोर्सेलेन, संगमरवरासारखं दिसणारं. (नाव बिस्किट, ठेवायचं गोडाच्या टेबलावर. कोणी चावून पाहिलं असेल का?) हा प्रकार कारखाना व्हँसेनच्या किल्ल्यात होता तेव्हापासूनचा, १७५० च्या सुमाराचा. सेव्ह्रला तो हलला १७५६ मध्ये, राजाची लाडकी मादाम द पाँपादूर हिच्या वजनामुळे, आणि १७५९ मध्ये पंधराव्या लुईने सगळाच विकत घेतला. गंमत म्हणजे त्याच साली युद्धखर्चासाठी राजाने आपली चांदी वितळवायला दिली आणि सरदारांनाही तेच सांगितलं. चांदी गेल्यावर जेवायचं कशात? हजर आहे महाराजांचा कारखाना! वर्षअखेरीला व्हर्सायच्या राजवाड्यात, राजाच्या खासगी दालनांत या मालाचं प्रदर्शन मांडून दरबाऱ्यांना विक्री व्हायची. राजा स्वतः ‘घ्या घ्या’ म्हणतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार.

सर्वांत गाजलेलं बिस्किट म्हणजे शिल्पकार फाल्कोनेचा क्यूपिड, म्हणजे मदनबाळ, १७५८ चा. पाँपादूरसाठी केलेल्या संगमरवरी पुतळ्याची छोटी आवृत्ती. पोरगं बसलंय, एक बोट ओठांवर, ‘चूप’, आणि दुसरा हात हळूच भात्यातल्या बाणाकडे. बैठकीवर व्होल्तेरच्या दोन ओळी, ज्यांचा आशय असा की तू कोणीही अस, हा तुझा धनी आहे, होता किंवा होणार. कोण कोणाबरोबर आहे हे सगळ्यांना माहीत असलेल्या दरबारात, फळांच्या तबकांमध्ये हे पोरगं. नक्षी? छे.

सुगरणबाई (रविवार, सकाळी ७.०५)

टीपकागद, प्रतिसाद सुंदर, पण एका गोष्टीला तुम्ही बगल दिलीत. ओव्हिडच्या या ‘प्रेमकथा’ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा काय असतं? युरोपा नावाच्या राजकन्येला बैल झालेला ज्युपिटर पळवून नेतो. डॅफ्नी ही वनकन्या अपोलो देवापासून जीव घेऊन पळते आणि शेवटी झाड होऊन सुटते. लीडा राणीपाशी राजहंस, तोही ज्युपिटरच. आणि बशीवर हे सगळं गुलाबी गालांचं, फुलांच्या माळांतलं. पीच कापता कापता बघायचं. मला ती बशी पुढ्यात आली तर घास उतरणार नाही.

मिठाचा_खडा (सकाळी ७.४०)

अडीचशे वर्षांपूर्वीच्या बशीला आजचे निकष लावायचे का? चालू द्या.

सुगरणबाई (सकाळी ७.४८)

आजचे कसले? डॅफ्नी पळतेय हे ओव्हिडनेच लिहिलंय, भीतीसकट. पळणं बशीवर येईपर्यंत नाच झाला. मी त्या प्रवासाबद्दल बोलतेय.

भट्टीवाला (सकाळी ११.२०)

त्या प्रवासाचं उत्तर माझ्याकडे थोडंफार आहे. (मी मातीकाम करतो, पुराणात कच्चा.)

सेव्ह्रचा चित्रकार ओव्हिड उघडून बसत नव्हता. कारखान्यात छापील चित्रांचा साठा होता आणि त्यावरून तो काढायचा. बूशेसारख्या दरबारी चित्रकाराची रेखाटनं यायची, शिवाय पुस्तकांतली कोरीव छपाईची चित्रं. पॅरिसमध्ये १७६७ ते १७७१ दरम्यान ओव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’ची चार खंडांची सचित्र आवृत्ती निघाली, ती पुढे सेव्ह्रवाल्यांची हुकमी खाण झाली. म्हणजे आधी कविता, तिचं फ्रेंच भाषांतर, त्यावर चित्रकाराचं रेखाटन, त्यावरून तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम, त्याचा काळापांढरा ठसा आणि त्या ठशावरून बशीवर रंगीत चित्र. इतक्या हातांतून गेल्यावर किंकाळी कुठे उरणार? शिवाय आयताकृती चित्र बशीच्या वाकड्या चौकटीत बसवायचं. मग एखादा साक्षीदार गाळायचा, झाड सरकवायचं, हात वर असेल तर खाली घ्यायचा. सुगरणबाई म्हणतात तो नाच काही अंशी जागेच्या टंचाईतून आलाय. काही अंशीच, हे मान्य.

आता भट्टी. हा माल सुरुवातीला ‘मऊ’ पोर्सेलेनचा होता. फ्रान्सला केओलिन, म्हणजे खरी पांढरी चिनी माती, सापडलेलीच नव्हती. वाळू, सोरा, सोडा वगैरे वितळवून काचेसारखा गोळा करायचा, तो दळून त्यात पांढरी माती मिसळायची. भट्टीत वाकडं होण्यात एक नंबर! १७६८ मध्ये लिमोजजवळ सॅं-तिरिये इथे केओलिन सापडलं. गोष्ट अशी सांगतात की तिथल्या एका शल्यवैद्याची बायको ती पांढरी माती कपडे धुवायला वापरायची. तिथून पुढे ‘कठीण’ पोर्सेलेन सुरू झालं, १४०० अंशांच्या आसपास भाजलेलं.

मग कॅथरीनचा संच १७७९ चा असून मऊ का? कारण तो फिरोजी. तांब्यापासून केलेला हा रंग १७५३ मध्ये कारखान्याचा रसायनतज्ज्ञ एलो याने बसवला. मऊ पोर्सेलेनच्या झिलईत तो विरघळून खोल जातो, कठीणवर तसा खुलतच नाही. राणीला रंग हवा म्हणून कारागिरांच्या नशिबी जुनी कटकट. आधी माती भाजायची, मग झिलई, मग जमिनीचा रंग, मग चित्राचे हात, शेवटी सोनं, आणि प्रत्येक टप्प्याला पुन्हा भट्टी. पाचव्या खेपेला तडा गेला की आधीचे चार टप्पे पाण्यात. भट्टीतून सोनं निस्तेज निघतं, ते अकीकच्या दगडाने घासून चमकवायचं. २४२ लिव्र मला महाग वाटत नाहीत.

रानजाई (दुपारी २.१०)

भट्टीवाला, _/\_. याहून महाग प्रकरण आहे. सोळाव्या लुईने १७८३ मध्ये स्वतःसाठी संच सांगितला. गडद निळी जमीन, दाट सोनेरी काम आणि चित्रं ओव्हिडमधली, ग्रीक-रोमन इतिहासातली, शिवाय फेनेलॉं या फ्रेंच लेखकाच्या टेलेमॅकसच्या प्रवासकथेतली. बशीला ४८० लिव्र. काम इतकं बारीक की पुरं व्हायला वीसेक वर्षं लागतील असा हिशोब धरला होता. दरवर्षी थोडे थोडे नग राजाकडे यायचे. दहा वर्षं झाली आणि १७९३ च्या जानेवारीत गिऱ्हाइकाचंच मुंडकं उडवलं. संच अर्धवट राहिला. पुढे १८११ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने, नंतरच्या चौथ्या जॉर्जने, तो विकत घेतला. आता विंडसरला आहे.

मला त्या चित्रकारांचं नवल वाटतं. दोदॅं नावाचा एक, १७५४ पासून कारखान्यात. बशीखाली त्याची खूण म्हणजे रोमन लिपीतलं ‘के’ अक्षर. पाँपादूरच्या काळात बूशेची गुबगुबीत बाळं काढली, नंतर फॅशन बदलली तसे सरळ नाकाचे रोमन वीर काढले, मग राज्यक्रांती झाली, राजा गेला, तरी हा आपला बसून काढतोय. त्याला विचारलं पाहिजे ज्युपिटर कोण ते.

रंकाळाकाठ (दुपारी ४.३५)

थोडं अवांतर, पण आपल्याकडचं. टिपू सुलतानाचे तीन वकील १७८८ मध्ये फ्रान्सला गेले होते. ऑगस्टमध्ये व्हर्सायला सोळाव्या लुईची भेट झाली, सेव्ह्रचा कारखानाही त्यांनी पाहिला. भेट म्हणून पोर्सेलेन मिळालं. हवी होती लष्करी मदत! एक वर्षात बास्तीयचा किल्ला पडला, राज्यक्रांती सुरू.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात सेव्ह्रचा माल बघायला मिळतो. बहुतेक लोक घड्याळ वाजताना बघायला गर्दी करतात आणि युरोपीय पोर्सेलेनची दालनं ओस. मी तिथे एकटाच होतो, पहारेकऱ्याला संशय आला.

आणि ठशावरून माती, हा उद्योग आपल्या देवांच्या बाबतीतही झालाय. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या, पुढे मळवलीहून घरोघर पोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांवरून जर्मनीत चिनी मातीच्या मूर्ती व्हायच्या आणि इथे विकायला यायच्या. त्या मात्र देव्हाऱ्यात गेल्या, जेवणाच्या टेबलावर नाही. उंबरठा यांचा मुद्दा तिथे बरोबर लागू.

कागदी_होडी (रात्री ८.५०)

कालपासून धागा वाचतेय आणि शेवटी धीर करून विचारतेय. आमच्या साताऱ्याच्या घरी माजघरात भिंतीवर एक बशी टांगलेली आहे. पणजोबा बडोद्याला नोकरीला होते, तिथे कोण्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला त्यातून आणलेली. कड निळी, त्यावर सोनेरी वेल, निम्मी पुसलेली. (एका दिवाळीत नव्या मदतनीस बाईंनी तारेची घासणी मारली.) मधोमध चित्र: पाण्याच्या कडेला तीन-चार बायका, एकीच्या केसांत चंद्रकोर, जवळ धनुष्य पडलेलं. उजवीकडे झाडाआडून एक माणूस, त्याच्या डोक्यावर हरणाची शिंगं. दोन कुत्रे. मागे लिहिलंय ‘लिमोज, फ्रान्स’. चित्राच्या कोपऱ्यात बूशेची सही आहे! घरात सगळ्यांना वाटतं, लाखो रुपयांची आहे.

टीपकागद (रात्री ९.०२)

चित्र डायना आणि ॲक्टिऑनचं. हा राजपुत्र शिकारीला गेला होता, वाट चुकून डायना आंघोळ करत होती तिथे पोचला. तिने त्याच्यावर पाणी उडवलं, त्याचं हरीण झालं आणि त्याच्याच शिकारी कुत्र्यांनी त्याला फाडलं. बशीवर शिंगं नुकतीच फुटलीत, कुत्र्यांना अजून पत्ता नाही.

भट्टीवाला (रात्री ९.३०)

होडीताई, वाईट वाटून घेऊ नका. बूशे १७७० मध्ये गेला. सही म्हणजे ‘हे चित्र त्याच्यासारखं’ एवढाच अर्थ. लिमोजचे कारखाने एकोणिसाव्या शतकात भरभराटले आणि तिथे रंगीत छापील कागदावरून चित्र उतरवायची पद्धत आली. दहापट दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजीकडे असतं तसं, आणि गालावर धरा. ठिपके ठिपके दिसले तर छपाई. ब्रशाचे फटकारे असतील तर हाताने काढलेलं, आणि थोडे ठिपके, थोडे फटकारे असतील तर छापून वर हात मारलेला. ‘फ्रान्स’ हा शब्द मागे असणं हीसुद्धा खूण आहे. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर असे शिक्के सर्रास झाले.

मिठाचा_खडा (रात्री १०.१०)

खोट्या सेव्ह्रची कहाणी माझ्याकडून. मुंबईत एका जुन्या वस्तूंच्या दुकानात फिरोजी कपबशी मिळाली, तळाला एकमेकांत गुंतलेले दोन रोमन ‘एल’ आणि मध्ये ‘ए’. घरी येऊन वाचलं, ‘ए’ म्हणजे १७५३! दोन दिवस हवेत. मग एका जाणत्या माणसाला दाखवली. त्याने तळाचा झिलई नसलेला काठ बघितला आणि म्हणाला, हे कठीण पोर्सेलेन आहे. १७५३ मध्ये या कारखान्यात कठीण कुठून येणार? खूण शंभर वर्षांनी कोणीतरी निवांत बसून काढलेली. दुकानदार पैसे परत करीना. आता त्यात टूथब्रश ठेवतो.

भट्टीवाला (रात्री १०.२५)

याहून अवघड प्रकार म्हणजे खऱ्या मातीवर खोटं चित्र. १८०० मध्ये ब्रोन्यार सेव्ह्रचा प्रमुख झाला, पुढे १८४७ पर्यंत होता. कारखान्याला पैशांची चणचण. त्याने मऊ पोर्सेलेनचा न रंगवलेला जुना साठा विकून टाकला. तो घेऊन पॅरिस-लंडनच्या रंगाऱ्यांनी त्यावर क्यूपिड आणि व्हीनस काढले आणि अठराव्या शतकातला माल म्हणून खपवले. माती अस्सल, झिलई अस्सल, देव मात्र नंतर आलेले.

कागदी_होडी (बुधवार, संध्याकाळी ७.१५)

भिंग मिळालं. ठिपके. डायनाचा गाल म्हणजे गुलाबी ठिपक्यांची रांगोळी. कुत्र्यांच्या अंगावर मात्र तीन-चार तपकिरी फटकारे आहेत, आणि शिंगं पूर्ण हाताने काढलेली. काकाचा चेहरा पडला, कारण त्याने मनातल्या मनात गाडी बुक केली होती.

खरी गंमत आजीची. तिचं वय ८८. ती आम्हा नातवंडांना लहानपणापासून या बशीवरून मारीचाची गोष्ट सांगत आलीय. हरीण आहे, धनुष्य आहे, बाई आहे, झालं तर. हरणातून माणूस बाहेर येतोय, म्हणजे बाण लागलाय. बाकीच्या बायका कोण विचारलं की म्हणायची, आश्रमातल्या. कुत्रे कोणाचे हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

मी तिला टीपकागद यांनी लिहिलेली ॲक्टिऑनची गोष्ट वाचून दाखवली. तिने सगळी ऐकून घेतली, चष्मा पुसला, बशी हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, “आपल्याच घरची कुत्री ना गं? मग वासानं ओळखलं कसं नाही त्यांनी?”

टीपकागद, याचं उत्तर ओव्हिडने दिलंय का? ती रोज विचारतेय.

टीपकागद (बुधवार, रात्री ११.५५)

नाही दिलेलं. कुत्र्यांची नावं मात्र दिलीत, तीसच्या वर, एकेकाची. ॲक्टिऑन ‘मी तुमचा धनी’ म्हणायला जातो आणि तोंडातून शब्द फुटत नाही, एवढंच. आजींना नावं वाचून दाखवू का? उद्या मराठीत लिहून काढतो.